कोबीतलं कडू

सगळा वर्ग तोंडं वेडीवाकडी करत होता आणि मी एकटी शांतपणे कागद चघळत उभी होते.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. पनवेलच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मी मुंबईला इंटर सायन्सला गेले होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. त्या दिवशी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सरांनी प्रत्येकाच्या तळहातावर टिपकागदाची एक बारीक पट्टी ठेवली. "जिभेवर ठेवा, चावा, आणि काय लागतं ते शेजाऱ्याला न विचारता सांगा," म्हणाले. पुढच्याच क्षणी माझ्या शेजारची मुलगी तोंडावर हात धरून मोरीकडे धावली. मागच्या बाकावरचा एक मुलगा "सर, क्विनाईन!" म्हणून ओरडला. कुणी जीभ रुमालाला पुसतंय, कुणी पाण्यासाठी नळावर रेटारेटी करतंय. मला वाटलं, ही सगळ्यांनी मिळून माझी केलेली थट्टा आहे. पनवेलची पोरगी म्हणून मला बनवतायत. मी पट्टी आणखी जोरात चावली. काही नाही. ओला कागद.

"सर, मला काहीच लागत नाही," मी म्हटलं.

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांचे डोळे असे चमकले की जणू मी पहिला नंबर काढलाय. "पुढे या, पुढे या!" त्यांनी मला टेबलाशी बोलावलं, दुसरी पट्टी दिली, तिसरी दिली. माझं उत्तर तेच. मग ते वर्गाकडे वळून म्हणाले, "हिची जीभ बिघडलेली नाही. आणि तुम्हीही नाटक करत नाही. दोघंही खरं बोलताय."

मग त्यांनी फळ्यावर जिभेचा एक भाग मोठा करून काढला. जिभेवर जे बारीक उंचवटे दिसतात, त्यांच्या कडांना चवीच्या कळ्या असतात. कळीत पेशी असतात. पदार्थ लाळेत विरघळून त्या पेशींना भिडला की त्या चेततात, त्यांची खबर मज्जातंतूंवरून मेंदूकडे जाते, आणि तेव्हा कुठे आपण म्हणतो, कडू. पट्टीवर जो पदार्थ लावला होता तो बहुतेकांच्या पेशी चेतवतो, काहींच्या चेतवतच नाही. "खबरच गेली नाही, तर त्या माणसापुरतं ते कडू जगात नाही," सर म्हणाले. "आणि हे घराण्यातून येतं. आईबापांकडून, डोळ्यांच्या रंगासारखं."

त्या आठवड्यात आम्ही अशा कितीतरी गोष्टी करून पाहिल्या होत्या. एक हात गरम पाण्यात, एक थंड पाण्यात, आणि मग दोन्ही कोमट पाण्यात घातले की एकच पाणी एका हाताला गार नि दुसऱ्याला ऊन लागतं. कंपासाची दोन टोकं बोटाला टेकवली तर दोन कळतात, तीच पाठीला टेकवली तर एकच कळतं, कारण पाठीवर स्पर्श ओळखणारी मज्जातंतूंची टोकं विरळ पेरलेली असतात. बर्फात ठेवलेला खिळा मनगटावर ठिकठिकाणी टेकवला, तर काही ठिपक्यांनाच गारवा समजतो, मधल्या जागेला फक्त बोचतं. मी वसतिगृहातल्या एकाही मुलीला सोडलं नव्हतं. जेवताना, केस विंचरताना, मी हातात काहीतरी टोकदार घेऊन कुणाच्या तरी मागे उभी. पण तोवर हे सगळं मजेचं होतं. या कागदाने मला मुळापासून हलवलं. मला वाटत आलं होतं की जग एक आहे आणि आपण सगळे तेच चाखतो, तेच पाहतो. आता कळत होतं की आपल्याला तेवढंच मिळतं, जेवढं ओळखायला आपल्या अंगात काहीतरी बसलेलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी सरांकडे पट्ट्या मागितल्या. "घरच्यांवर करून बघायचंय."

"जरूर बघ!" त्यांनी एक पाकीट भरून दिलं. "लहान मुलांनाही चालेल, एवढ्याशाने काही होत नाही. फक्त आधी कुणाला सांगू नकोस की कडू लागणार आहे. सांगितलंस की लागायला लागतं."

एसटीत ते पाकीट मी पर्समध्ये ठेवलं नाही, हातात धरून बसले.

आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत होतं. वडील आणि काका मिळून तांदळाची गिरणी चालवत. वडिलांना मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन तो जुना की नवा, कुठल्या बाजूच्या शेतातला, हे सांगता यायचं, आणि त्यामुळे आमच्या घराची चव म्हणजे पनवेलातला शेवटचा शब्द, असा घरात समज होता. स्वयंपाकघर आईचं. आई सुगरण होती, आणि पानात काही टाकलेलं तिला चालत नसे. काकू उरणकडची, आमच्या घरात येऊन सात-आठ वर्षं झालेली, आईच्या हाताखाली वावरणारी, कमी बोलणारी. तिला एक मुलगी, पाच-सहा वर्षांची, तिला आम्ही धाकटी म्हणायचो.

घरात सगळ्यांना कोबी फार प्रिय. कोबीची भाजी, कोबीच्या वड्या, नवलकोलाची कोशिंबीर, जेवताना कच्चा मुळा. काकू मात्र हे सगळं ताकाच्या घोटाबरोबर औषधासारखं गिळायची. मला ते लहानपणापासून दिसत होतं. घरात त्याचं एकच नाव होतं: नखरे. आई वाईट बाई नव्हती, पण "माहेरी काय रोज श्रीखंड होतं का?" हे मी तिच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं. काकू हसून मान खाली घालायची.

मी घरी पोचले तेव्हा दुपारची जेवणं उरकली होती. वडील आणि काका ओट्यावर सुपारी कातरत होते. माजघरात धाकटी एकटी पाटावर बसली होती. समोर ताट, ताटात कोबीची भाजी, गार झालेली. तिच्या गालावर अश्रू वाळले होते.

"संपवल्याशिवाय उठायचं नाही, असं सांगितलंय," आई आतून म्हणाली. "आईचं बघून पोरगीही शिकली."

मी धाकटीशेजारी बसले. ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "ताई, कडू आहे गं."

हे ती मी असताना आधीही म्हणाली असेल. नक्कीच म्हणाली असेल. पण मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती "नको" म्हणत नव्हती. "आवडत नाही" म्हणत नव्हती. ती एक चव सांगत होती. मी तिच्या ताटातली भाजी चिमूटभर उचलून तोंडात टाकली. मऊ, थोडी गोडसर, ओल्या खोबऱ्याची. कडूचा मागमूस नाही. आणि मी पायही न धुता पाकीट उघडलं.

"सगळे इकडे या! अप्पा, काका, आई, सगळे!"

"अगं, आधी हातपाय तरी धू," आई म्हणाली. पण माझा आवाज ऐकून ओट्यावरचे दोघे आत आले.

मी प्रत्येकाच्या हातावर एकेक पट्टी ठेवली. "चावा आणि काय लागतं ते सांगा."

"विषबिष नाही ना?" आई.

"कॉलेजात सगळ्या वर्गाने खाल्लंय."

वडिलांनी डोळे मिटून, तांदूळ पारखावा तसा कागद चघळला. "कागद," त्यांनी निकाल दिला. "बऱ्या प्रतीचा." काकांनीही कागदच म्हटलं. आईने थुंकून टाकला. "टिपकागद खायला घालायला शिकवतात का कॉलेजात?"

चौथी पट्टी मी काकूकडे नेली. ती चुलीजवळ भांडी आवरत होती. तिने हात पदराला पुसले, पण पुढे केले नाहीत.

"मला नको," ती हळूच म्हणाली. "मी काही म्हटलं तर परत नखरे होतील."

तेवढ्यात मागच्या दारी मासे विकायला येणारी मावशी आली. उरणच्या बाजूची, दर दोन दिवसांनी पाटी घेऊन यायची, आईशी तिचं चांगलं जमायचं. ती पाटी उतरवून बसते न बसते तोच मी तिच्या हातावर पट्टी ठेवली.

"काय गो पोरी, ह्यो परसाद हाय का?"

"चावून बघा ना, मावशी."

तिने चावली आणि एकदम उभी राहिली. "थू! आगो बाय! ह्यो काय इख दिलास गो मला?" ती मोरीकडे गेली, चुळा भरल्या, पुन्हा भरल्या. "आमी काय केलंय तुजा? कडू झार हाय नुसता!"

आईने मावशीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या चावलेल्या कागदाकडे. "अहो, काहीच नाही लागत त्याला," ती म्हणाली.

"काय नाय कसा? जीभ हाय का नाय तुमाला?"

वडील ओट्यावर जायला निघाले होते, ते थांबले. मी धाकटीला ताटावरून उठवलं आणि तिच्या जिभेवर पट्टीचा अर्धा तुकडा ठेवला. तिला मी काहीच सांगितलं नाही. तिने एकदा चावलं, डोळे गच्च मिटले, कागद हातावर काढला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली,

"ताई, ह्याच्यात कोबी आहे! खूप सारा कोबी!"

मी आजवर अनेक प्रयोग केले, मुलांकडून करवून घेतले. पण ते वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. सरांनी मला सांगितलं होतं की पट्टीवरच्या पदार्थाचं आणि कोबी, मुळा यांतल्या काही पदार्थांचं नातं आहे. मी घरात ते कुणाला सांगितलं नव्हतं. पाच-सहा वर्षांच्या पोरीने ते जिभेने ओळखलं होतं.

काकू केव्हा जवळ आली होती कळलंच नाही. तिने माझ्या हातातलं पाकीट स्वतःच घेतलं, एक पट्टी काढली, आणि आमच्याकडे पाठ करून तोंडात घातली. मग ती मोरीपाशी गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती हसत होती. मी तिला तसं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

"हेच," ती म्हणाली. "वहिनी, हेच. एवढं नसतं, पण हेच."

मी बोलायला लागले ते थांबेना. चवीच्या कळ्या, पेशी, मज्जातंतू, मेंदूकडे जाणारी खबर. धाकटीच्या पाटीवर खडूने जीभ काढून दाखवली. काकूच्या माहेरून हे आलं असणार, तिच्याकडून धाकटीला. आम्ही बाकीचे सगळे एकाच प्रकारचे, आणि तोच प्रकार आम्हाला आईवडिलांकडून मिळालेला. काका धाकटीला मांडीवर घेऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी तिच्यासमोरचं ताट उचललं आणि स्वतः भाजी संपवली.

वडिलांना मात्र हे पटेना. "म्हणजे मला कडू कळत नाही, असं तुझं म्हणणं? कारलं कळतं की मला!"

"अप्पा, ते कडू वेगळं. सर म्हणाले, कडू एकच नसतं."

"बघू. नरक चतुर्दशीला बघू."

नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे तुळशीपाशी कारीट फोडायचा रिवाज होता. पायाच्या अंगठ्याखाली ते हिरवं लिंबाएवढं फळ चिरडायचं आणि त्याचं कडू जिभेला लावायचं. दरवर्षी वडील ते घाईघाईत उरकत. त्या वर्षी उटण्याच्या वासाने ओलं झालेलं घर अंगणात गोळा झालं आणि वडिलांनी प्रत्येकाला स्वतः कारीट दिलं. "नीट लावा जिभेला. बोटाने टिपून पळू नका."

आम्ही सगळ्यांनी लावलं आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. माझंही. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच. वर्गात झाल्यापासून मनात एक भीती होती की माझ्या जिभेत काहीतरी मेलंय. मेलं नव्हतं! कारिटाचं कडू मला भरभरून कळत होतं. वडील विजयाने म्हणाले, "बघितलंस? सगळ्यांना कडू!"

"आता हे," म्हणून मी त्यांच्या हातावर पट्टी ठेवली. त्यांनी चूळ भरली, चघळली. पुन्हा चघळली. दिव्यांच्या उजेडात मी त्यांच्या चेहऱ्यावरचा हट्ट हळूहळू उतरताना आणि त्याच्या जागी कुतूहल येताना पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "म्हणजे दारं वेगवेगळी आहेत. कारिटाचं कडू एका दाराने येतं, या कागदाचं दुसऱ्या. आणि आपल्याकडे ते दुसरं दारच बसवलेलं नाही." सरांनी फळ्यावर एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं.

त्यानंतर वडिलांना वेडच लागलं. फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी पट्टी, मग चकली. बाजारपेठेतले मित्र, शेजारचे शिंपीकाका, गिरणीत भात घेऊन आलेले गव्हाणकडचे शेतकरी. कुणी थुंकलं की वडील टाळी वाजवत, कुणी "कागद" म्हटलं की "आमच्यातला!" म्हणून त्याला मिठी मारत. दोन भाऊ आमच्या ओट्यावर भांडले, कारण एकाला लागलं आणि एकाला नाही, आणि दोघांनाही दुसरा खोटं बोलतोय असं वाटत होतं. वडिलांनी त्यांना समोर बसवून, जन्मभर याचाच अभ्यास केल्याच्या थाटात, चवीच्या कळ्या समजावल्या. पाकीट भाऊबीजेआधीच संपलं.

आई या गडबडीत गप्प होती. तिने पुन्हा काकूला काही टोचून म्हटलं नाही, पण काही विचारलंही नाही. सुट्टी संपत आली तेव्हा एका दुपारी आई विळीवर नवलकोल चिरत बसली होती. काकू शेजारी लसूण सोलत होती, मी पुस्तक घेऊन भिंतीला टेकले होते. आईचा हात थांबला.

"पहिल्या वर्षी, तुला मी समोर बसून मुळ्याची भाजी खायला लावली होती. तेव्हाही असंच लागलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

काकूने लसणीची पाकळी खाली ठेवली. "बोलले होते, वहिनी. तुम्ही म्हणालात, एकाच कढईतली भाजी, आम्हाला गोड लागते, तुलाच कशी कडू लागेल?"

आईने चिरलेल्या फोडी बाजूला सारल्या. "मला खरंच तसं वाटलं होतं गं," ती म्हणाली. "कढई एक म्हणजे चव एक."

"मलाही तसंच वाटायचं," काकू म्हणाली. "मलाच वाटायचं की मी नखरे करते. मन मारता येत नाही म्हणून."

आई उठली, शिंक्यावरून लाल भोपळ्याची फोड काढली आणि ती चिरायला घेतली. त्या संध्याकाळी चुलीवर दोन भाज्या झाल्या. पुढे कोबी, मुळा, नवलकोल असेल त्या दिवशी एक छोटी कढई वेगळी चढायची, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. धाकटी जेवणाच्या हाकेला धावत यायला लागली. एवढ्याशा बदलाने त्या पोरीचं वजन वाढलं.

मी कॉलेजात परतले आणि सरांना धाकटीचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. इंटरनंतर घरून माझ्यासाठी स्थळं बघायचं चाललं होतं. मी प्राणिशास्त्र घेऊन पदवी करायची म्हटल्यावर सगळ्यांत आधी वडीलच माझ्या बाजूने उभे राहिले. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं. माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी डोळे मिटून पापणीची कड हलकेच दाबायची, अंधारात उमटणारं प्रकाशाचं वर्तुळ पाहायची, आणि मी त्यांना सांगायचे की डोळ्याला दाबलं काय किंवा दिवा दाखवला काय, त्याला एकच खबर देता येते, उजेड. खूप वर्षांनी वाचण्यात आलं की जिभेच्या पेशींवर त्या पट्टीच्या कडूला ओळखणारा एक खास ग्राही असतो, त्याची घडण माणसागणिक थोडी वेगळी असते, आणि आमच्यासारख्यांचा ग्राही त्या पदार्थाला नीट ओळखतच नाही. वाचून मी एकटीच खोलीत टाळ्या पिटल्या. वडील तेव्हा नव्हते. असते तर म्हणाले असते, दार आहे, पण किल्ली लागत नाही.

पण मला सगळ्यांत लख्ख आठवतं ते त्या दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यातलं. नात्यातलं एक लग्न होतं, तळ्याजवळच्या कार्यालयात. बायकांची पंगत बसली होती, मी, आई आणि काकू ओळीने. वाढपी बादली घेऊन भराभर येत होता. कोबीची भाजी. त्याने माझ्या आणि आईच्या पानात वाढली आणि काकूपाशी वाकला. काकूने पानावर हात आडवा धरला.

"मला नको," ती म्हणाली. मोठ्याने. अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं.

समोरच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या आत्येने भुवया उंचावल्या. "का गं? काय झालंय भाजीला?"

काकू उत्तर देणार तोच आईने आपलं पान वाढप्याकडे सरकवलं.

"तिला ती कडू लागते," आई म्हणाली. "तिची इकडे वाढा. माझ्या पानात."